शिळं पाणी आणि शरावतीचा किडा

अक्काला किडा हवा होता, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. साठच्या दशकातली गोष्ट. आम्ही बेंगळूरच्या चामराजपेटेतले. अप्पांचं कापडाचं दुकान होतं आणि माझी मोठी बहीण, अक्का, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. खाडीतल्या कांदळाच्या मुळांवर चुनखडीच्या पांढऱ्या नळ्या बांधून राहणारा एक किडा आहे. त्याच्याबद्दल तेव्हा फारसं कुणी लिहिलं नव्हतं. मेला की तो नळीत आक्रसतो, त्यामुळे डोक्यावरच्या पिसाऱ्याचं चित्र काढायचं तर जिवंतच हवा. दसऱ्याच्या सुट्टीत तो मिळाला नाही, तर त्याच्यावर लिहायचं हे काम दुसऱ्याकडे जाणार होतं. "लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात, ही खाडी पोखरून किडा काढणार," असं म्हणत अप्पांनी सोबतीला मला धाडलं.

रात्रीच्या गाडीने शिमोगा, पुढे बसने सागर आणि गेरसोप्प्याचा घाट. तुम्ही जाणार असाल तर सागरला इडलीवर थांबा, वड्यांच्या नादी लागू नका. घाटाची वळणं कुणाचीही गय करत नाहीत, माझी तर मुळीच केली नाही. घाटाखाली, समुद्रकाठच्या होन्नावरला आईची मामेबहीण मालतीमावशी राहायची. तिने उकड्या तांदळाचा भात आणि तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं वाढलं आणि मी घाट विसरले.

ओहोटी बघून आम्ही होडीने शरावतीच्या खाडीतल्या कांदळवनात शिरलो. आता तिथे फिरायला लाकडी वाट आहे म्हणतात, तेव्हा गुडघाभर चिखल होता. होडीवाला त्या नळ्यांना होडीची खरूज म्हणायचा. अक्काने मुळाचा तुकडा कापून काचेच्या बरणीत, खाडीच्या खाऱ्या पाण्यात ठेवला. संध्याकाळी प्रत्येक नळीतून तांदळाएवढा लालसर पिसारा बाहेर आला. अक्का कंदील जवळ धरून बघत बसली. इतकी सुखी मी तिला कधी पाहिली नव्हती.

सकाळी बरणीतलं पाणी लख्ख होतं आणि पिसारे गायब. मावशीच्या घरात, आमच्याही घरात, रात्रीचं पाणी सकाळी ओतून भांडी ताजी भरायची रीत. मावशीने बरणीही भरली होती.

"शिळं पाणी कसं ठेवू गो? विहिरीचं ताजं भरलं," मावशी कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली. मग तिला अक्काचा चेहरा दिसला. ती पदर तोंडाशी नेऊन मटकन खाली बसली.

भरती चढली होती, बस सुटायची होती, सुट्टी संपली होती. अक्काचे डोळे भरले, पण ती मावशीच्या शेजारी जाऊन बसली. "पावसाळ्यात या खाडीचं पाणी गोडंच होतं, मावशी. तेव्हा हे किडे नळीचं दार लावून आत बसतात ना, तसे बसले असतील." हे तिने मावशीला सांगितलं की स्वतःला, कोण जाणे. धक्क्यावरून तिने बाटलीभर खाडीचं पाणी घेतलं आणि वाटभर बरणीत थोडं थोडं घालत राहिली. आम्ही निघालो तेव्हा मावशी फाटकात उभी होती, जेवली नव्हती.

घरी बरणी खिडकीत ठेवली. आईने त्या खोलीत कुणाला पाणीही नेऊ दिलं नाही. बरेच दिवस काहीच घडलं नाही. अप्पांनीसुद्धा चेष्टा थांबवली, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. मग एका सकाळी अक्काने हाक मारली. एकाच नळीतून लालसर पिसारा बाहेर आला होता.

तिने पेन्सिल हातात घेतली आणि खाली ठेवली. "आधी मावशीला तार कर. तिला अन्न गोड लागत नसेल."

"दार उघडलं. सुखरूप," एवढंच मी लिहिलं. तारवाले अण्णा वाचून म्हणाले, "आजारी माणूस उठलं वाटतं. चला, बरं झालं." मी हो म्हटलं. तिकडे मावशीने गल्लीभर साखर वाटली, हे पुढे कळलं.

चित्र निघालं, काम अक्काकडेच राहिलं. आज अक्का आणि मावशी दोघीही नाहीत. मी अजून रोज सकाळी रात्रीचं पाणी ओतते, पण ओतण्याआधी भांड्यात एकदा डोकावते.