शार्दूलचा मूकपट

नागपूरचा शार्दूल मेश्राम अर्विंगला येऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या काळात त्याने उंच टाचांचे बूट घेतले, रुंद काठाची टोपी घेतली, आणि टेक्सासमध्ये राहतोच आहे तर घोड्यावर बसावं, असंही एकदा ठरवलं. घोड्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा ते राहून गेलं. ऑफिसात तो दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका झटकन काढी. मराठी मंडळातल्या उपासनासमोर मात्र त्याची बोबडी वळे.

उपासना सोमवारी नव्या नोकरीसाठी दूर नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलला निघाली होती. म्हणून शार्दूलने मंडळाच्या पाडव्यासाठी जुन्या धर्तीचा विनोदी मूकपट काढला. प्रेमात पडलेला काउबॉय मनातलं सांगायला जातो आणि दर वेळी घोड्यांच्या हौदात पडतो. काउबॉय स्वतः, नायिका उपासना. शेवटी तो टोपी काढून गुडघ्यावर बसतो आणि पडद्यावर अक्षरं उमटतात: ‘माझ्याशी लग्न करशील का?’ हा प्रश्न नायिकेला नव्हता, खऱ्या उपासनाला होता. तोंड न उघडता काम होणार होतं.

पण मंडळात पडद्यावर जाणारं अक्षर न् अक्षर आधी अध्यक्ष मीनाक्षीकाकू तपासतात. शार्दूलने नियमाप्रमाणे फाइल त्यांच्याकडे दिली. परत आल्यावर ती उघडून पाहावी, हे त्याला सुचलं नाही.

शनिवारी, पाच एप्रिलला, भरल्या हॉलसमोर काउबॉय गुडघ्यावर बसला. अक्षरं उमटली: ‘आमच्या प्रायोजकांकडे बासमतीवर रविवारपर्यंत सवलत.’

लोक हसून हसून बेजार झाले. उपासनाही.

“ओरिजिनल काय होतं यार तिथे?” तिने नंतर बाहेर विचारलं.

“वेगळं होतं.”

“म्हणजे?”

शार्दूलने टोपी हातात दोनदा फिरवली. “काकूंना विचार.”

ती खरंच गेली.

“लग्नबिग्नाचं काहीतरी विचारलं होतं त्याने,” काकू म्हणाल्या. “पण पिक्चर तिथेच संपत होता, उत्तर कोण देणार? आणि प्रायोजकांची जाहिरात राहिली होती गं.”

उपासना काकूंच्या कानाशी काहीतरी बोलली. जाताना शार्दूलला म्हणाली, “उत्तर काकूंकडे ठेवलंय.”

तो धावला. “काय म्हणाली, काकू?”

“सध्या नाही म्हणाली. स्वतःच्या तोंडाने विचारलंस तर विचार करीन म्हणाली. बघ, पार्किंगमध्येच असेल अजून.”

शार्दूलने पार्किंगकडे पाहिलं. उपासना गाडीचं दार उघडत होती.

“काकू,” तो म्हणाला, “तुम्हीच विचारता का?”