उंदराचं नाव मोठ्यानं घेतलं

मंडळी, आजच घडलं ते लिहून टाकते.

आज सकाळी पांढुर्ण्यात, मुलाच्या घरी, उंदरांसाठी कणकेत औषध कालवून चार गोळ्या उंचावर, फळीवर ठेवल्या. चार वर्षांची नात मागून ओरडली, "आजी उंदराले जहर देऊन राहिली!"

मला एकदम माझी माय आठवली.

ऐंशीच्या दशकात आम्ही सौसरला राहायचो. घरात कापूस भरलेला, अन् कापसात उंदीर. माय औषध ठेवताना त्यांचं नाव घेत नसे. "पाहुण्याचं जेवण ठेवून राहिली," एवढंच म्हणायची. उंदीर ऐकतात अन् बोलणाऱ्यावर डूख धरतात, असं आमच्याकडे सगळेच मानत. मी दहा वर्षांची. एकदा मुद्दाम ओरडली, "उंदराचं जहर!" मायनं माझं तोंड दाबलं.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. सगळ्यांचे कपडे शाबूत, फक्त माझा फ्रॉक कुरतडलेला. अन् त्याच्या खिशात औषधाची अख्खी गोळी.

योगायोग असेल, असं म्हणत मी इतकी वर्षं काढली.

आज दुपारी नातीला बाहेर न्यायला तिचा बूट उचलला. आत गोळी होती. दातही न लागलेली.

धावत जाऊन फळी पाहिली. तिथं दोनच उरल्या होत्या.

तुमच्याकडे औषध ठेवताना उंदराचं नाव घेतात का? खरं सांगा. चौथी गोळी अजून सापडली नाही. नात माझ्या मांडीवर आहे, अन् घरात आम्ही सगळे खुणेनं बोलून राहिलो.