ताईंच्या वाढदिवसाची अंडी

दंडाला दोन बोटांचा चिमटा काढून ताई विचारायच्या, "काल किती झालं?" साडीच्या दुकानात बायका पोत बघतात ना, तसा तो चिमटा. विचारणं असायचं प्रोटीनबद्दल. गारखेड्यातल्या एका जिममध्ये त्या बायकांची सकाळची बॅच घ्यायच्या. आम्ही नऊ जणी होतो, आणि त्या प्रश्नाला सगळ्यात जास्त मी घाबरायचे.

माझं खाणं कमी. त्यात शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे पन्नासच्या पुढच्या मराठी आकड्यांत मी गोंधळायचे. मी "एकोण... एकोण..." करत राहिले की ताई म्हणायच्या, "इंग्रजीत खाल्लं असंल तर इंग्रजीत सांग, बाई."

"वजनाच्या किलोमागं दीड ग्रॅम," हा त्यांचा नियम. "लोखंड उचलायचं तर तेवढं लागतंच. ढीगभर खाऊन कुणी पैलवान होत नसतं." एकदा एकीनं ऐटीत सांगितलं, "ताई, वाटीभर वरण काट्यावर मोजून खाल्लं. शंभर ग्रॅम भरलं. आजचं शंभर झालं!" ताईंनी कपाळाला हात लावला. "अगं, त्यात निम्म्याहून जास्त नळाचं पाणी! प्रोटीन असंल सहा-सात. बाकी तुझा उत्साह."

व्यायाम झाला की आम्ही रबरी मॅटवर बसून डबे उघडायचो. ताईंच्या डब्यात सहा उकडलेली अंडी असायची. ती त्या वाटून टाकायच्या. "माझं घरून झालंय." तुम्हीही कमी बोलणारे असाल तर तुम्हाला माहीत असेल, अशा माणसाला बघायला फार वेळ मिळतो. महिनाभरात ताईंनी एकही अंडं खाल्लं नव्हतं. मोजे काढले की त्यांच्या पायांवर खोल वळ दिसायचे, ते लवकर जायचे नाहीत.

एकदा त्यांनी मनगटाची पट्टी आणायला मला त्यांच्या बॅगेकडे पाठवलं. पट्टीखाली किडनीच्या डॉक्टरांचा कागद होता. क्रिएटिनिन बरंच वाढलेलं. खाली पेनानं लिहिलं होतं, प्रोटीन कमी करा, जड वजन उचलू नका. मी कागदाची घडी घालते आहे तोवर त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"वाचलंस?"

"हो."

"खाण्यानं नाय झालं हे. बीपीची गोळी लई वर्षं टाळली मी, त्यानं झालं. डॉक्टरच म्हणले. पण बॅचमधल्या पोरींच्या सासवांना कोण समजावणार? उद्या अंडी बंद, परवा बॅच बंद." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "कुणाला सांगायचं नाय, पोरी."

न बोलण्यासाठी त्यांना माझ्यापेक्षा भरवशाचं कुणी मिळालं नसतं.

त्यानंतर त्या बार उचलून दाखवायच्या तेव्हा मी त्यावरची वजनं मोजायचे. बार जमिनीला टेकेपर्यंत मी श्वास धरून असायचे. रोज ठरवायचे, आज सांगायचं, ताई, नका उचलू. रोज मॅट गुंडाळून घरी जायचे.

आमच्यात वाढदिवसाला केक नसायचा. प्रत्येकीनं एक उकडलेलं अंडं भरवायचं. ही पद्धत ताईंनीच पाडलेली. त्यांच्या वाढदिवसाला आम्ही नऊ जणी ओळीनं उभ्या राहिलो.

"आज घरून झालंय चालणार नाही हं, ताई!"

"उघडा तोंड, मास्तरीणबाई!"

टाळ्या, हसणं, मोबाइल. सहाव्या अंड्याला ताईंच्या कपाळावर घाम आला. माझा नंबर शेवटचा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं 'बोलू नको' असं होतं की 'आता तरी बोल' असं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सगळ्या बघत होत्या. मी अंडं त्यांच्या तोंडाशी नेलं.

दोन आठवड्यांनी एक दिवस ताई आल्या नाहीत. लासूर स्टेशन या त्यांच्या गावाहून भावाचा फोन आला, डायलिसिस सुरू झालं म्हणून.

दुसऱ्याच दिवशी बॅचमधल्या एकीच्या सासूबाई तिला न्यायला आल्या. जिन्यात मला म्हणाल्या, "अंडी खाऊन खाऊन किडनी गेली तुमच्या मास्तरणीची. आमची नाय येणार आता."

"अंड्यांनी नाही गेली," मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "बीपीमुळे गेली. गोळ्या घेतल्या नव्हत्या त्यांनी."

"तुला गं काय माहीत?"

"मी कागद वाचला होता. वाढदिवसाच्या आधी."

सासूबाई एक पायरी वर आल्या. "आधी वाचला होता? मग तू बी भरवलंस ना तिला?"

त्या सुनेला घेऊन खाली उतरल्या.

त्याच महिन्यात बॅच बंद झाली. ताई डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा शहरात येतात, असं कळतं. तो दवाखाना माझ्या ऑफिसच्या रस्त्यावर आहे. मी रिक्षावाल्याला लांबच्या रस्त्यानं घ्यायला सांगते.