ताटावरचा शब्द

यवतमाळहून पुण्याची बस सुटताना बाबा खिडकीशी आले. मी विचारलं, "बाबा, आजचा शब्द?" ते इंग्रजीचे मास्तर. रोज जेवायला बसलं की एक इंग्रजी शब्द टाकायचे आणि शेवटच्या घासाला त्याचं मूळ सांगायचे. मधेच उठलं, की अर्थ बुडाला. त्यांनी मान हलवली. "शब्द ताटावर भेटते, बाई. मोटारीत नाही." धाकटी सुमन शेजारी हसत उभी होती. त्या रात्री ताटावर ती असणार होती.

पुण्यात सगळं मार्गी लावलं. आधी खडकीत भाड्याची खोली, मग नोकरी, लग्न, फ्लॅट. फ्रिजवर कामांची यादी, संध्याकाळपर्यंत सगळ्यांवर टिकमार्क. 'मले'चं 'मला' झालं. सुमन बाबांजवळ राहिली. लोक म्हणतात, तिने त्यांचं किती केलं! केलंच. पण त्यांचे शब्दही तिलाच मिळाले. दिवाळीचे चार दिवस माझे, बाकी वर्ष तिचं. फोनवर सहज म्हणायची, "काल 'विंडो' झाला, ताई. म्हणजे वाऱ्याचा डोळा!" माझा जळफळाट व्हायचा. शब्दांची मुळं सांगणारं ॲप माझ्याकडेही आहे, पण ते घास हातात धरून बोट वर करत नाही.

परवा मी बेत आखला. त्यांच्या जेवणाच्या वेळी सुमनला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला, इकडे ताट वाढून घेतलं आणि फोन तांब्याला टेकवून ठेवला. बाबांनी चष्मा पुसला.

"काय वाढलं वं?"

"भाकर. वांग्याची भाजी."

"मंग बस."

शब्द पडला, 'रायव्हल'. म्हणजे प्रतिस्पर्धी, हे आम्हा दोघींना माहीत होतं. मूळ कुणालाच सांगता येईना. जेवण संपत आलं आणि तिकडे कुकरची शिट्टी झाली. सुमन उठून धावली. बाबा थांबले नाहीत. शेवटचा घास उचलून मलाच म्हणाले, "एकाच नदीचं पाणी पेणारे. शेजारचे. म्हणून तर भांडते."

सुमन परत आली तेव्हा ते हात धुवायला गेले होते.

"काय सांगितलं, ताई?"

"ताटावर नव्हती तू."

"सांग नं! मोठी आली पुण्याची!"

नाही सांगितलं. पुण्याची कुठली? हा नियम आमच्या घरचा आहे, आणि त्या दिवशी मी घरी जेवले होते.