बाईंची आजची चूक

शाळेत सगळे त्यांना 'चुकीच्या बाई' म्हणत. मुलं लाडाने, पालक दातओठ खाऊन. तिसरीच्या वर्गात बाई रोज फळ्यावर मुद्दाम एक चूक करत आणि मुलांनी ती हुडकायची. ज्याला सापडेल त्याच्या हातात खडू देऊन बाई स्वतः त्याच्या जागेवर जाऊन बसत. लहानपणी त्यांनी फळ्यावरचं सगळं मुकाट उतरवून घेतलं होतं, चुकीचंसुद्धा, आणि वर शाबासकी मिळवली होती. ती शाबासकी त्यांना अजून टोचायची.

पण एकदा लागलेली सवय काय चपलांसारखी वर्गाच्या दाराशी काढून ठेवता येते? पहिल्या बाकावरच्या चिमणीने बापाला चारचौघांत विचारलं, "कशावरून, बाबा?" बाबा तडक मुख्याध्यापिकांकडे गेले. बाई चुकीचं शिकवतात, वर उलट बोलायलाही शिकवतात. तक्रार वर गेली आणि तपासणीला साहेब येणार असं ठरलं.

"साहेबांना काही खटकलं तर वर्ग तुमच्या हातून जाईल," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मग कार्यालयात बसून दाखले लिहा. एक दिवस तरी ते खूळ बाजूला ठेवा, बाई."

वर्गाशिवाय बाईंना दुसरं होतं तरी काय? तपासणीच्या सकाळी वर्गात शिरताच त्या म्हणाल्या, "आज चूक नाही. कोणी काही विचारायचं नाही. हाताची घडी, तोंडावर बोट."

हे त्या वर्गात पहिल्यांदाच ऐकू आलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. जिची चिवचिव कधी थांबत नसे त्या चिमणीनेही निमूट ओठांवर बोट ठेवलं.

साहेब येऊन मागच्या बाकावर बसले. बाईंनी वजाबाकी घेतली, चारशे दोनमधून एकशे अठ्ठावन्न. लिहिता लिहिता खडू मोडला. उत्तर लिहिलं, दोनशे चोपन्न.

त्या वळल्या तर वर्ग चिडीचूप, पण सगळ्यांचे डोळे फळ्याला चिकटलेले. चिमणीचे गाल फुगले होते. बाईंनी मागे वळून पाहिलं. शेजारच्या दोनाला हातचा दिला होता, पण शून्याच्या जागी आलेल्या दहाचे नऊ करायचे राहून गेले होते. ही चूक मुद्दामची नव्हती.

"शिस्त उत्तम आहे," साहेब उठत म्हणाले. "तक्रारीत काही तथ्य दिसत नाही."

सुटले म्हणायचं आणि फळा पुसून टाकायचा, एवढंच उरलं होतं. डस्टर बाईंच्या हातातच होतं. पण ओठांवरची ती बोटं त्यांना बघवेनात. मुलांना चूक दिसत होती आणि मुलं गप्प होती, त्या स्वतः एकेकाळी बसल्या होत्या अगदी तशीच.

"साहेब, जरा थांबा," त्या म्हणाल्या आणि मुलांकडे वळल्या. "फळ्यावर काही चुकलंय का रे?"

एकही हात वर आला नाही. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी चिमणीने बोट जरासं बाजूला केलं.

"पण बाई, तुम्हीच सांगितलंत ना, आज बोलायचं नाही म्हणून."

साहेबांनी चमकून बाईंकडे पाहिलं. आता झाकण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"सांगितलं होतं. मी घाबरले होते," बाई म्हणाल्या. "आता बोल."

चिमणी फळ्याशी आली. तिने चोपन्न पुसून चव्वेचाळीस केले.

"आज दोन चुका झाल्या, बाई. एक ही."

"आणि दुसरी?" साहेबांनी विचारलं.

"दुसरी सकाळची. आम्हाला गप्प बसवलं ती."

बाईंनी मान डोलावली आणि रोजच्यासारख्या चिमणीच्या जागेवर जाऊन बसल्या. चिमणीने खडू हातात धरूनच मागच्या बाकाकडे पाहिलं.

"तुम्हाला दिसली होती का, साहेब?"

साहेबांनी आता कुठे फळा नीट वाचला.

"नाही," ते म्हणाले. "मी फळ्याकडे बघितलंच नव्हतं."

वर्ग बाईंकडेच ठेवा, एवढंच मुख्याध्यापिकांना सांगून ते गेले. बाईंना मात्र बराच वेळ चिमणीच्या जागेवरून उठवेना.