मर्लचं मत, आर्विलाचं टंकन

आर्विला नुटसनने तीसेक वर्षं ब्लॅक ओकच्या शाळेत पोरांसाठी रांधलं. विस्कॉन्सिनमधल्या त्या लहानशा गावातली निम्मी माणसं तिच्या हातचं खाऊन मोठी झालेली. निवृत्त झाल्यावर गावच्या साप्ताहिकाचा संपादक गेलर्ड तिच्याकडे पाककृती मागायला आला. तिने दिल्या. पण एकदा बटाट्याच्या पदार्थाखाली तिने सहज दोन ओळी खरडल्या: ज्या वॉशिंग्टनवाल्यांना पोरांच्या जेवणाचे पैसे कापायचेत, त्यांनी एक दिवस माझ्या जागी वाढायला उभं राहावं. लोकांनी पाककृती सोडून त्या ओळींबद्दलच पत्रं पाठवली. हळूहळू पाककृती आक्रसल्या आणि राजकारण पसरलं.

ती कुणाची भीड ठेवायची नाही. एका आठवड्यात राष्ट्राध्यक्षांची हजेरी घ्यायची, पुढच्या आठवड्यात विरोधकांची. किराणा दुकानात माणसं तिला गाठून भांडायची, आणि तिला ते मनापासून आवडायचं.

मग वाचनालयाचं प्रकरण निघालं. मुलांच्या कपाटातली काही पुस्तकं काढा, असा अर्ज आला. एका पुस्तकातल्या मुलाला आई-बाबांऐवजी दोन आया होत्या. अर्जावर पहिली सही मर्ल हाउगनची. मर्ल तिचा शेजारी, शाळेपासूनचा सोबती. गाई विकून टाकल्यापासून तो जरा एकटा पडला होता. आर्विलाने स्तंभात लिहिलं, ‘ज्यांनी पुस्तक उघडलंच नाही, त्यांनी ते बंद करायची भाषा करू नये.’

अर्जावर निर्णय घ्यायच्या सभेला अख्खं गाव लोटलं. मर्ल टोपी हातात घेऊन माइकपाशी गेला. त्या पुस्तकाच्या लेखिकेचं नाव उच्चारताना त्याची जीभ अडखळली. कुणीतरी फिसकन हसलं. मागून एका पोरीने आर्विलाचं वाक्य मोठ्याने म्हटलं आणि सभागृह हशाने दणाणलं. मर्लने दोनदा तोंड उघडलं, मिटलं आणि जागेवर जाऊन बसला. आर्विला पहिल्याच रांगेत होती. ती हसली नव्हती, पण उठून काही बोललीही नव्हती.

पुस्तकं कपाटातच राहिली. त्या हशाची चित्रफीत मात्र कुठल्या कुठे पोचली. ज्यांनी विस्कॉन्सिन नकाशावरही पाहिलं नव्हतं, ते मर्लला अडाणी म्हणू लागले. गाईच्या धडावर त्याचं डोकं चिकटवलेलं चित्र फिरू लागलं.

मिनियापोलिसहून लेकीचा, सिग्नेचा, फोन आला. “आई, तुझं वाक्य लोकांनी टी-शर्टवर छापलंय!”

एका संकेतस्थळानेही विचारलं, आमच्यासाठी असंच खमंग लिहाल का? आर्विलाने कळवते म्हटलं. मग रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या ताटलीत भरून ती मर्लच्या दारात जाऊन उभी राहिली.

“जिंकलीस ना?” मर्ल म्हणाला. “आता माझा फोटो काढायला आलीस?”

“आत घेतोस की दारातच उभी ठेवतोस?”

तो बाजूला झाला. दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. मग वडीचा तुकडा मोडत तो म्हणाला, “वाचलं होतं मी ते पुस्तक. दोनदा.”

आर्विला बघतच राहिली. “मग सभेत का नाही सांगितलंस?”

“सांगू दिलं कुणी? पहिल्या वाक्यालाच तुमची मंडळी खिदळायला लागली.”

‘तुमची’ हा शब्द तिला झोंबला. ती म्हणाली, “पेपरात लिही मग. माझ्या स्तंभाशेजारीच छापायला लावते.”

“मला कुठे धड लिहिता येतं? ठाऊक आहे तुला.”

“तू बोल. मी टंकते.”

ती घरून लॅपटॉप घेऊन आली. मर्लने घसा साफ केला. “लिही. आर्विला नुटसन चांगली बाई आहे, पण स्वतःला फार शहाणी समजते. लिहिलंस?”

“लिहिलं. ‘फार’ एकदा की दोनदा?”

“दोनदा.”

तो थांबत थांबत सांगत गेला. कुणाचा द्वेष नाही म्हणाला. पण त्याच्या सहा वर्षांच्या नातीशी आता फोन बोलतो, टीव्ही बोलतो, शाळा बोलते, सरकार बोलतं. घरच्यांची पाळी येते तोवर तिचं ऐकून झालेलं असतं. काही गोष्टी तिला आधी घरी, जेवताना, आपल्या माणसांनी सांगाव्यात, एवढंच त्याला हवं होतं.

आर्विलाची बोटं थांबली. “आणि ज्या पोराच्या घरी खरंच दोन आया आहेत, त्याने आपलं घर कुठल्या पुस्तकात बघायचं?”

मर्लने खिडकीबाहेर पाहिलं. “ते तुझ्या स्तंभात लिही,” तो म्हणाला. “हा माझा आहे.”

तिने तसंच केलं.

गेलर्डने मर्लचा मजकूर वाचून विचारलं, “आर्विलाबाई, जरा सुधारून घेऊ का?”

“स्वल्पविरामालाही हात लावू नका.”

दोन्ही मजकूर शेजारी शेजारी छापून आले आणि दोन्ही बाजू उखडल्या. मर्लच्या गटाने त्याला मऊ पडलास म्हणून सुनावलं. वाचनालय सांभाळणारी तालिया आर्विलाला बघून रस्ता ओलांडू लागली. सिग्नेने फोनवर आवाज चढवला, “आई, तू अशा माणसाचं म्हणणं पेपरात आणलंस?”

“अशा म्हणजे कशा? तुला सायकल शिकवली होती त्याने.”

“तो मुद्दा नाहीये!”

तो मुद्दा नव्हता हे आर्विलालाही कळत होतं. सिग्नेच्या म्हणण्यात तथ्य आहे का, याचा ती कितीतरी दिवस विचार करत राहिली आणि त्याचा निकाल काही लागला नाही. संकेतस्थळाला मात्र तिने नकार कळवून टाकला.

एका शुक्रवारी गावच्या नेहमीच्या मासळीच्या जेवणाला मर्ल तिच्या समोर येऊन बसला. म्हणाला, “पेट्रोल पंपावर ती हॅडली भेटली. तिच्या पोराला दोन आया आहेत ना, ती. म्हणाली, तुमचं पटलं नाही, पण शेवटपर्यंत वाचलं.”

“मग तू काय म्हणालास?”

“काय म्हणणार? पोरगा कसा आहे विचारलं. दात पडलाय म्हणे त्याचा.” त्याने माशावर लिंबू पिळलं. “आणि हे बघ, दुधाच्या भावावर तू परवा जे लिहिलंस ना, ते साफ चूक आहे. उद्या लॅपटॉप घेऊन ये.”

“मी काय तुझी टंकलेखिका आहे?” आर्विला म्हणाली. “सकाळी येते. कॉफी तयार ठेव.”