घरी मेसेज पाठवणारं दार

अभ्यासिकेच्या इन्व्हर्टरची बॅटरी चोरीला गेली आणि दार बदलायचं ठरलं. दारव्ह्यात आमच्या विहाराच्या मागे वस्तीनं वर्गणी करून ही अभ्यासिका बांधली आहे. खाली मुलं बसतात, वरच्या मजल्यावर मुली. वरची जबाबदारी माझ्याकडे, कारण शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला भरपूर वेळ असतो, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. तोवर मुलींच्या दाराला साधं कुलूप होतं. किल्ली एकच. ती शेजारच्या घरी असायची आणि पहाटे येणारी मुलगी त्या लोकांना हाका मारून उठवायची. हे बदलायलाच हवं होतं. माझा विरोध नव्या दाराला कधीच नव्हता. आधीच सांगते, कारण पुढे अभ्यासिकेच्या समितीत माझा विरोध आहे असंच बोललं गेलं.

यवतमाळहून विक्रेता आला. त्यानं टेबलावर यंत्रं मांडली. कार्ड दाखवायचं, बोट टेकवायचं, चेहरा ओळखणारं. मला कार्ड पटलं. एखादीचं हरवलं तर तेवढंच बंद करायचं, बाकीच्यांना त्रास नाही. समितीचे अध्यक्ष पाटबंधारे खात्यातले निवृत्त अधिकारी. ते म्हणाले, "कार्ड पोरी एकमेकींले देतीन. बोटाचं घ्या. बोट कोणाले देता येत नाई."

मुलींना बोलावून बोटं टेकवून पाहिली. दिवस कापूस वेचणीचे. आमच्या कितीतरी मुली सुटीच्या दिवशी घरच्यांसोबत वेचायला जातात. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरखडलेली असतात. यंत्र हिंदीतून पुन्हा पुन्हा सांगत राहिलं, 'कृपया पुनः प्रयास करें.' पोलीस भरतीची स्वप्नं पाहणारी एक उंच मुलगी होती. तिनं दोन्ही हातांची सगळी बोटं टेकवून पाहिली. आधी हसली, मग हात ओढणीत लपवले. विक्रेता म्हणाला, "ताई, रोज तेल लावत जा." माझं डोकंच फिरलं. तेल मुलींनी लावायचं, यंत्रानं काहीच करायचं नाही!

मग चेहऱ्याचं यंत्र घ्यायचं ठरलं. मी विचारलं, "मुली आत असताना लाइट गेली तर?"

"बॅटरीवर चालन."

"बॅटरी संपली तर?"

"मंग दरवाजा आपोआप मोकळा होते, मॅडम."

अध्यक्ष उसळले. "मंग चोरासाठी लावून राह्यलो काय आपण हे?"

"नाई तर बंदच राहणारं लावू, साहेब."

"आणि मुली आत अडकल्या तर?" मी म्हटलं. खरं तर एवढा एकच प्रश्न महत्त्वाचा होता, आणि समितीनं त्याहून जास्त वेळ यंत्र काळं घ्यायचं की पांढरं यावर घालवला. शेवटी, लाइट गेली की उघडणारं कुलूप आणि रात्री सगळ्या गेल्यावर बाहेरून जुनी कडी, असं मी हट्टानं ठरवून घेतलं.

निघताना विक्रेता सहज बोलून गेला, "याच्यात पोरगी आत आली, बाहेर गेली, की घरच्यांच्या मोबाइलवर मेसेज जाते." अध्यक्षांचा चेहरा खुलला. मी म्हटलं, आधी मुलींना विचारू. "पोरींले कायले विचारता? त्यांच्याच भल्याचं हाय." झालं. मेसेज सुरू झाले.

त्या उंच मुलीचे वडील बाजार समितीत माल मोजणारे मापारी. सकाळी गाडीवरून ते तिला सोडून जात. ती दुपारी शाळेच्या मैदानावर गोळाफेकीचा सराव करायची. घरी सांगितलं नव्हतं. भरतीची जाहिरात आली की मीच सांगीन, असं तिनं मला सांगितलं होतं. यंत्र लागलं त्याच आठवड्यात वडील भरदुपारी जिना चढून आले.

"मॅडम, पोरगी कुठी हाय?"

"मैदानावर."

"बाहेर पडल्याचा मेसेज आला मले. तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"मंग मले काहून नाई सांगितलं? मी तिले तलाठ्याच्या परीक्षेसाठी पाठवून राह्यलो!"

मी त्यांच्यासोबत मैदानावर गेले. ते तिला ओरडले नाहीत. "गाडीवर बस," एवढंच म्हणाले. ती बसली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. मीच चुगली केली असं तिला वाटलं असणार, या विचारानं मी दिवसभर चडफडत राहिले. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मग आणखी काहीजणी येईनाशा झाल्या. ज्या आल्या त्या जेवायलासुद्धा बाहेर पडेनात.

बैठकीत मी मेसेज बंद करा म्हटलं. अध्यक्षांनी विचारलं, "मशीननं खोटं सांगितलं का?"

"खोटं नाही, अर्धं सांगितलं."

"पालकांले विचारा मंग."

पालकांना बोलावलं. बापांना मेसेज हवेच होते. तेवढ्यात मागे बसलेली एक आई उठली. "मले बंद पाहिजे. पोरगी पाणी प्याले बाहेर निघाली तरी तिच्या बापाचा फोन वाजते, अन् घरचे सारे मलेच विचारतात, कुठी गेली? मी घरी भाकरी करून राह्यली, मले काय मालूम?" बायका हसल्या, मग एकेक बोलायला लागल्या. मेसेज बंद करायला अध्यक्षांनी मान डोलावली, पण माझ्याशी बोलणं टाकलं. विक्रेता 'कंपनीतून करावं लागते' म्हणत मला टोलवत राहिला. यंत्र लावायला एक सकाळ पुरली होती. मेसेज बंद करायला मला कित्येकदा यवतमाळ गाठावं लागलं.

बंद झाल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेले. वडिलांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "मेसेज बंद केले म्हणता, मंग मले समजन कसं?"

"तिला विचारा."

"विचारलं तर सांगते थोडी?"

आतून तिचा आवाज आला, "तुमी विचारलंच कुठी, बाबा?"

ते उठले आणि चहा आणायला स्वतःच आत गेले.

अभ्यासिकेत ती पुन्हा आली नाही. वडिलांचा त्या दारावर विश्वास उरला नव्हता आणि तिचा आमच्यावर. मैदानावर मात्र दिसते. ते स्वतः तिला घेऊन येतात आणि तिचा सराव संपेपर्यंत कडेला गाडीवर बसून असतात. मी हात केला की तेही हात करतात. ती गोळा उचलते, खांद्याशी धरते, आणि माझ्याकडे पाठ करून फेकते.